लहान मुलांसाठी वाचनाची ॲप्स : निवडताना नेमकं काय तपासायचं?

मोरपीस

नमस्कार. साडेतीन ते सहा वयाच्या मुलांना 'वाचायला शिकवणारी' म्हणून टॅबवर जी ॲप्स मिळतात, त्यांतली कोणती ठेवायची आणि कोणती काढून टाकायची, यावर सविस्तर बोलावं म्हणून हा धागा. शोधायला गेलं की यादी संपत नाही. प्रत्येकावर 'शैक्षणिक' असा शिक्का आणि चार-साडेचार तारे. त्या ताऱ्यांवरून मुलाला अक्षर आलं की नाही हे कळत नाही.

माझं मत आधीच मांडते. ॲपने मुलाला आवाज ऐकायला आणि तो आवाज अक्षराशी जोडायला लावलं पाहिजे. हे होत नसेल तर बाकीच्या सजावटीचा उपयोग नाही. ओळखायची युक्ती सोपी आहे : टॅबचा आवाज पूर्ण बंद करा आणि स्वतः खेळून बघा. आवाज नसतानाही सगळी उत्तरं बरोबर देता आली, तर तो आकार जुळवण्याचा खेळ आहे, वाचनाचा नाही. वर 'क' दाखवायचा आणि खालच्या चार अक्षरांतून 'क' निवडायला लावायचा, हा प्रकार इथेच नापास होतो. क चा उच्चार ठाऊक नसलेलं मूलही ते सहज करतं.

मला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. मराठी लिपीसाठी वेगळं काय बघायचं? रोज किती वेळ? आणि घेण्यासारखी म्हणून कोणती नावं सांगाल?

काना_मात्रा

आवाज बंद करून बघायची कल्पना आवडली. त्याला जोडून आणखी एक. डोळे मिटून वीस वेळा कुठेही बोट लावत सुटा. तरीही पुढची पातळी उघडली आणि टाळ्या वाजल्या, तर ते ॲप काहीच मोजत नाही. मुलांना ही फट फार लवकर सापडते, मग ती ऐकणं सोडून नुसती टिचक्या मारतात.

चुकल्यावर काय होतं तेही बघा. नुसता 'टॉंय' असा आवाज आला तर मूल त्यातून काही शिकत नाही, आणि चुकीच्या उत्तराला बरोबरपेक्षा मजेशीर आवाज असेल तर मुलं मुद्दाम चुकतात. 'हा ट आहे, आपल्याला क हवाय, पुन्हा ऐक' असं म्हणून तोच प्रश्न परत आला पाहिजे, आणि ते अक्षर चार-पाच प्रश्नांनंतर पुन्हा डोकावलं पाहिजे.

तिसरं म्हणजे पर्याय कोणते दिलेत. क शेजारी ट, ऊ आणि ९ ठेवले तर परीक्षा कसलीच होत नाही. पुढच्या पातळ्यांवर घ-ध, भ-म, थ-य, प-ष, ब-व अशा जोड्या समोरासमोर येतात का? येत असतील तर बनवणाऱ्याने लिपीचा विचार केलाय असं समजायला हरकत नाही.

खडूफळा

मराठीचं म्हणाल तर मी अक्षरांच्या क्रमापासून सुरुवात करेन. क ख ग घ ङ या क्रमाने नेणारी ॲप्स सरळ बाजूला ठेवा. वर्णमालेची ती मांडणी उच्चारस्थानांवर बेतलेली, शास्त्रीय आणि सुंदर आहे, पण ती शिकायला घ्यायचा क्रम नव्हे. पहिली पाच अक्षरं संपली तरी त्यांतून मुलाच्या ओळखीचे दोन-चार शब्दसुद्धा नीट होत नाहीत. आणि ङ, ञ या वयात सुटे वाचायची गरजच नाही.

त्याऐवजी म, न, क, र आणि एक काना घ्या. एवढ्या पाच चिन्हांत मन, कान, नाक, काम, मान, मका, नाका, राम, नमन असे शब्द तयार होतात. मूल आठवड्याभरात 'कान' वाचून स्वतःच्या कानाला हात लावतं. ॲप पहिल्या दहा अक्षरांच्या आत काना आणतं का आणि शब्द वाचायला देतं का, हे तपासा. सगळी व्यंजनं संपल्यावर मग स्वरचिन्हं, मग बाराखडी, असा रस्ता असेल तर मुलाला कित्येक महिने अर्थ असलेलं काही वाचायलाच मिळत नाही.

पिंपळपान

खडूफळा, मग 'ग म भ न' चं काय? त्यात तर अक्षरं आकाराच्या गटाने घेतात. बऱ्याच ॲप्सनी तोच क्रम उचललाय आणि मला तो योग्य वाटतो.

खडूफळा

लिहिण्यासाठी योग्यच. ग ला वळण आलं की म, भ, न हाताला लवकर बसतात. ओळखण्याच्या खेळात मात्र हेच उलटतं. भ आणि म एकाच दिवशी, एकाच पडद्यावर, नवे म्हणून आले की मुलाच्या डोक्यात त्यांची गाठ बसते. ओळखायला शिकताना आकाराने दूरची अक्षरं आधी, एक पक्कं झालं की त्याचा जुळा भाऊ नंतर. गिरवायला ग म भ न, वाचायला म न क र. एकाच ॲपमध्ये दोन्ही विभाग असतील तर दोघांचे क्रम वेगळे असायला हवेत.

चांदणचुरा

मराठी म्हणून मिळणाऱ्या अनेक ॲप्सचा सांगाडा हिंदीचा असतो, वर नुसता मराठी रंग दिलेला. ओळखायच्या खुणा सांगते.

ळ आहे का बघा. नसेल तर पुढे जाऊच नका. ज्ञ चा उच्चार 'ग्य' ऐकू येतो की 'द्न्य'? ऋ ला 'रि' म्हणतात की 'रु'? ॲ आणि ऑ आहेत का? मग ल आणि श चे आकार बघा. मराठी वळणाचा ल आणि हिंदी वळणाचा ल वेगळे दिसतात, श चंही तसंच. मोठ्यांना दोन्ही वाचता येतात म्हणून आपल्या लक्षात येत नाही, पण चार वर्षांच्या मुलाला ती दोन निराळी अक्षरं वाटतात. झ आणि ण ची जुनी वळणंसुद्धा कुठे कुठे घुसलेली असतात.

नंतर आवाज. माणसाने बोललेला आहे की यंत्राने? यंत्राचा असेल तर 'बाळ', 'डोळे', 'चमचा', 'चंद्र' एवढे चार शब्द ऐका. 'बाळ' चं 'बाल' झालं किंवा चमचा आणि चंद्र यांतला च एकसारखा आला, तर मागे हिंदी आवाज बसवलाय. मराठीत च, ज, झ यांचे दोन-दोन उच्चार आहेत आणि लिपी ते वेगळे दाखवत नाही. म्हणून चांगलं ॲप सुरुवातीला च साठी चमचा, चाक, चूल असे एकाच उच्चाराचे शब्द घेतं. चंद्र आणि चित्र नंतर. ज ला जाळं आणि जीभ एका पानावर असतील तर मूल गोंधळणारच, त्यात त्याची चूक काही नाही.

वेलांटी

आयडीला जागून वेलांटीबद्दल लिहितो. :)

'कि' मध्ये वेलांटी डावीकडे लिहितात पण उच्चार नंतर येतो. खेळ बनवायच्या काही साधनांना देवनागरीची जुळणी जमत नाही, त्यामुळे पडद्यावर क आणि त्याच्या उजवीकडे सुटी वेलांटी दिसते, कधी तिच्यासोबत ठिपक्यांचं वर्तुळ. जोडाक्षर तुटून 'क् षा' असं दिसतं. स्टोअरवरच्या जाहिरातीच्या चित्रांवर विश्वास ठेवू नका, तो मजकूर वेगळा बसवलेला असतो. ॲपच्या आत जाऊन किल्ला, विमान, पक्षी, सूर्य, चंद्र असे शब्द शोधा.

दुसरी अडचण वाचताना शब्द उजळणाऱ्या गोष्टींत येते. उजळणारा रंग अक्षराअक्षराने सरकत असेल तर 'पक्षी' मध्ये तो 'प' आणि 'क्षी' असाच सरकला पाहिजे. क् वर थांबून मग षी उजळत असेल तर मूल डोळ्यांनी एक आणि कानांनी भलतंच शिकतं. शंका असेल तर पूर्ण शब्द एकदम उजळणारं ॲप बरं.

टिंबटिंब

ऱ्हस्व-दीर्घाचे खेळ मुळात असावेतच का? 'कि' आणि 'की' ऐकून ओळखा, असा खेळ एका ॲपमध्ये आहे.

काना_मात्रा

या वयात नसावेत असं माझं मत. मराठीत शब्दाच्या शेवटचे इकार-उकार लिहिताना दीर्घ असतात, आणि रोजच्या बोलण्यात हा फरक मुलाच्या कानाला जेमतेम जाणवतो. मग आवाज देणारे 'कीऽऽऽ' असं ओढून बोलतात आणि मूल भाषेतला फरक न शिकता ती ओढ ओळखायला शिकतं. दोन्ही वेलांट्या दिसल्या की 'इ' वाचायचं, एवढं पुरे. शुद्धलेखन नंतर.

चांदणचुरा

इथे थोडी असहमत. खेळ नको हे मान्य, पण चिन्हं दोन आहेत हे डोळ्यांना सुरुवातीपासून दिसू द्या. एकच वेलांटी ठेवून शब्द चुकीचे लिहिणारी ॲप्सही आहेत, आणि ती त्याहून वाईट. डोळ्यांत बसलेलं चुकीचं रूप सहजी निघत नाही.

दीपमाळ

इंग्रजीचं थोडं वेगळं असतं म्हणून लिहिते. तिथे अक्षराचं नाव आणि आवाज हे दोन प्रकार आहेत. 'सी-ए-टी' म्हणून 'कॅट' होत नाही. म्हणून नावं घोकून घेणारं ॲप नको, आवाज शिकवणारं हवं. आवाजही आखूड हवेत. 'म्' ओठ मिटून, पुढे 'अ' न लावता. 'बअ-ॲ-टअ' असं शिकवलं की जोडताना मुलाच्या तोंडून 'बॅट' निघतच नाही.

आपल्याकडे व्यंजनात 'अ' असतोच, म्हणून हा प्रश्न येत नाही. पण काना लागला की तो 'अ' जातो आणि 'आ' येतो, हे ऐकवावं लागतं. 'क ला काना का' एवढ्या घोषाने ते कळत नाही. क वर बोट ठेवलं की 'क', काना ओढून चिकटवला की त्याच क्षणी 'का', काढला की पुन्हा 'क', असं करू देणारा खेळ मिळाला तर जरूर घ्या. मुलं तो काना लावून-काढून कंटाळत नाहीत, आणि स्वरचिन्हाचं मर्म तिथेच कळतं.

समईवात

गोष्टींच्या ॲप्सबद्दल कोणी बोललं नाही. पानावर कुठेही बोट लावलं की बेडूक उडी मारतो, ढग हसतो, असली पुस्तकं टाळा. २०१५ मध्ये ताकाच, स्वार्ट आणि बुस या संशोधकांनी डिजिटल गोष्टींवरचे अभ्यास एकत्र तपासले. गोष्टीशी जुळणारं हलतं चित्र आणि आवाज यांनी मुलांना गोष्ट समजायला मदत होते, पण मध्येच येणारे खेळ आणि बोट लावायच्या जागा लक्ष उडवतात, असं त्यातून पुढे आलं. 'ससा विहिरीत डोकावला' या वाक्याला ससा डोकावताना दिसला तर उत्तम. त्याच वेळी कोपऱ्यातली फुलपाखरं पकडायला लावली तर गोष्ट हातची गेली.

पिंपळपान

पण मुलं अशाच पुस्तकांवर जास्त वेळ टिकतात. टिकली तर शिकतील ना?

समईवात

टिकतात कशावर, ते बघा. घड्याळ लावून पाच मिनिटं मोजा : त्यांतली किती अक्षर, शब्द, वाक्य यांवर जातात आणि किती फुगे, नाणी, बाहुलीचे कपडे यांवर. निम्म्याहून जास्त वेळ बक्षिसांत जात असेल तर ते ॲप काढून टाकावं. बक्षीस दोन-तीन सेकंदांचं आणि कामाशी जोडलेलं हवं. 'मका' शब्द जुळवला की कणीस सोललं जातं, इतपत.

कोनाडा

सगळे एक मोठी गोष्ट विसरताय : शेजारी कोण बसलंय. ग्राफोगेम नावाचा खेळ फिनलंडमधल्या युवास्कुला विद्यापीठाच्या कामातून आला. अक्षर-आवाजाची जोडी शिकवणारा, नेटका, मोरपीसताईंच्या आवाज-बंद चाचणीत नक्की पास होईल असा. तरीही त्यावरचे अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा शब्द वाचण्यावरचा सरासरी परिणाम जवळजवळ नाहीच निघाला. जिथे मोठ्या माणसाचा सहभाग जास्त होता तिथे मात्र फायदा दिसला. ॲप तेच, फरक शेजारच्या माणसाचा.

वेलांटी

याला उलटं उदाहरणही आहे. ग्लोबल लर्निंग एक्सप्राइज या स्पर्धेत टांझानियातल्या सुमारे १७० गावांत १५ महिने टॅब दिले होते, शिकवायला कोणी नव्हतं, आणि बहुतेक मुलं आधी शाळेत गेलेली नव्हती. तरी मुलं स्वाहिली वाचायला लागली. २०१९ मध्ये वनबिलियन आणि किटकिट स्कूल या दोन स्पर्धकांना बक्षीस विभागून मिळालं.

कोनाडा

बरोबर, पण तिथे दुसरा पर्याय नव्हता म्हणून तो प्रयोग होता. शिवाय स्वाहिलीत अक्षर आणि उच्चाराचं नातं अगदी सरळ आहे. शाळाच नाही तिथे टॅब एकटा पुष्कळ करतो, हे मान्य. घरात माणूस असताना त्याला उठवून टॅब ठेवावा, असं त्यातून निघत नाही.

शेजारी बसून करायचं काय, तर तीन गोष्टी. ॲपने 'म' म्हटलं की आपण थांबवून विचारायचं, 'म ने आणखी काय सुरू होतं?' मुलाने 'मांजर' म्हटलं की शब्द वाढवायचा, 'हो, मऊ मांजर, दोन्हीकडे म.' आणि टॅब बंद केल्यावर तेच अक्षर एकदा कागदावर. हेडफोन लावू नका, आवाज दोघांनाही ऐकू येऊ दे.

टिंबटिंब

गिरवण्याच्या ॲप्सचं काय? बोटाने की स्टायलसने?

खडूफळा

कशानेही चालेल, पण त्याला लिहिणं समजू नका. कॅरिन जेम्स आणि लॉरा एंगलहार्ट यांनी २०१२ मध्ये, अजून वाचता न येणाऱ्या पाच वर्षांच्या मुलांवर केलेला अभ्यास आहे. अक्षर हाताने स्वतः काढलं, ठिपक्यांवरून गिरवलं किंवा कळ दाबून टाइप केलं, आणि मग तेच अक्षर पाहताना मेंदूत काय होतं ते तपासलं. वाचनाशी संबंधित भाग स्वतः काढल्यानंतर जागे झाले, गिरवणं आणि टायपिंग यांनी तसं झालं नाही. वेडंवाकडं का होईना, आपल्या मनाने काढणं महत्त्वाचं.

त्यामुळे गिरवण्याच्या ॲपमध्ये तीन पायऱ्या बघा : बाणांसह गिरवणं, मग फक्त सुरुवातीचा ठिपका, मग कोरी पाटी. तिसरी पायरी नसेल तर ती कागदावर करून घ्या. बोट रेघेबाहेर गेलं तरी आपोआप रेघेवर ओढून घेणारी ॲप्स नकोत, तिथे हाताला काही शिकायलाच उरत नाही. शिरोरेघ शेवटी यायला हवी. काहींमध्ये ती आधी काढायला लावतात आणि मुलं अक्षर रेघेला लटकवत बसतात. टॅब टेबलावर सपाट ठेवा. हातात धरला की मनगट कडेला टेकतं, पडदा त्यालाच बोट समजतो आणि रेघ भलतीकडे जाते.

दीपमाळ

बोलून दाखवायला लावणाऱ्या ॲप्सबद्दल सावध करते. तीन-चार वर्षांची मुलं र ला ल, क ला त म्हणतात. मूल 'तान' म्हणतं, त्याला 'कान' बरोबर वाचलेलं असतं, आणि ॲप चूक देतं. दोन-तीनदा असं झालं की मूल आवाज खाली आणतं, मग ॲपला ते अजिबातच ऐकू येत नाही. उच्चार साफ होईपर्यंत आवाज ओळखणाऱ्या ॲपला परीक्षक करू नका. तोवर ऐकणारा माणूसच हवा.

समईवात

वेळेचा प्रश्न मागे राहिला. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सूचनांनुसार दोन वर्षांच्या आत पडदा नको, दोन ते चार वर्षांत दिवसाला एक तासाहून जास्त नको, कमी असेल तर चांगलंच. त्या तासात सगळे पडदे आले, टीव्हीसुद्धा. वाचनाच्या ॲपला त्यातली दहा-पंधरा मिनिटं पुरेत, आणि एका वेळी ॲप एकच. तीन ॲप्स तीन क्रमांनी शिकवत असतील तर कुठलंच अक्षर पक्कं होत नाही. दोन भावंडं असतील तर प्रत्येकाचं वेगळं प्रोफाइल करा, नाहीतर मोठ्याच्या उत्तरांमुळे पातळी चढते आणि धाकट्यापुढे जोडाक्षरं येतात.

वेलांटी

जाहिराती. लहान मुलांच्या १३५ ॲप्सची २०१८ मध्ये तपासणी झाली होती, त्यांतल्या ९५ टक्क्यांत कुठल्या ना कुठल्या स्वरूपात जाहिरात सापडली. म्हणून टॅब हातात देण्याआधी हे करा.

ॲप उघडून सगळ्या पातळ्या एकदा नेट चालू ठेवून फिरून घ्या, कारण काही ॲप्स आवाजाच्या फाइली त्या त्या वेळी उतरवतात. मग विमान मोड लावा आणि पुन्हा चालवा. चाललं तर रोज तसंच द्या. अँड्रॉइडवर सुरक्षेच्या सेटिंगमध्ये ॲप पिनिंग असतं, म्हणजे पडद्यावर तेवढं एकच ॲप अडकवून ठेवायची सोय. ते चालू करताना 'अनपिन करण्याआधी पिन विचारा' हेही चालू करा, ते राहिलं तर मूल दोन मिनिटांत बाहेर पडतं. आयपॅडवर त्याच कामासाठी ॲक्सेसिबिलिटीमध्ये गाइडेड ॲक्सेस. वरचं किंवा होम बटण तीनदा दाबलं की सुरू होतं, वेळमर्यादा लावता येते आणि पडद्याचा एखादा कोपरा बोटाने घेरून तिथला स्पर्श बंद करता येतो. 'विकत घ्या' चं बटण त्या कोपऱ्यात असेल तर फार उपयोगी. स्टोअरमध्ये प्रत्येक खरेदीला पासवर्ड ठेवा.

पिंपळपान

एवढं सगळं तपासलं तरी शेवटी मूल शिकलं की नाही, हे कसं ओळखायचं? ॲपमधला आलेख तर नेहमी वरच जातो.

काना_मात्रा

दोन आठवड्यांनी टॅब बाजूला ठेवून बघा. ॲपने 'आली' म्हटलेली सहा अक्षरं कागदावर, वेगळ्या अक्षरवळणात, चित्राशिवाय आणि उलटसुलट क्रमाने लिहा. मूल पाच ओळखतं का? मग त्याच अक्षरांतून ॲपमध्ये न आलेला शब्द द्या. म न क र आणि काना झाला असेल तर 'मारा' किंवा 'कर'. नवा शब्द वाचला तर जोडणं आलं. ॲपमधले शब्दच तेवढे येत असतील तर ते चित्रासारखे पाठ झालेत. अशा वेळी पुढची पातळी उघडू नका, मागच्यावर एक आठवडा थांबा.

मोरपीस

सगळ्यांचे मनापासून आभार, ही कागदाची परीक्षा मी विचारातच घेतली नव्हती. आता नावं सांगा ना कोणीतरी.

चांदणचुरा

गोष्टींसाठी स्टोरीवीव्हर. प्रथम बुक्स या प्रकाशनसंस्थेने २०१५ मध्ये सुरू केलं, मुक्त परवान्याची पुस्तकं, मराठीतही भरपूर, चार वाचनपातळ्या, आणि टॅबच्या ब्राउझरमध्ये उघडतं. पहिल्या पातळीपासून घ्या आणि मोठ्याने तुम्हीच वाचा. भाषांतरित पुस्तक आधी स्वतः वाचून घ्या. काहींची वाक्यं मुलाच्या तोंडी बसत नाहीत, ती सोडून द्यायची.

दीपमाळ

इंग्रजीसाठी खान अकॅडमी किड्स. फुकट, जाहिराती नाहीत, आत खरेदीही नाही. विषय पुष्कळ आहेत, म्हणून मुलाला मोकळं सोडू नका, अक्षर-आवाजाचे भाग तुम्ही निवडून द्या.

वेलांटी

फीड द मॉन्स्टर बघा. योग्य अक्षर राक्षसाला भरवायचं, एवढाच खेळ. सीरियातल्या विस्थापित मुलांसाठी अरबीत बनला, मुक्त स्रोत आहे, नंतर अनेक भाषांत गेला. अक्षर कानावर पडतं, तरी तुमची आवाज बंद करायची चाचणी करून बघा. आणि मराठीसाठी कुठलीही आवृत्ती घेतली तरी वर सांगितलेले बाळ, डोळे, चमचा, चंद्र ऐकून घ्या. ते शब्द त्यात नसतील तर निदान च आणि ळ तरी.

मोरपीस

घेते. आधी आवाज बंद करून, मग डोळे मिटून वीस टिचक्या, मग च आणि ळ. पास झालं तर म न क र पासून सुरुवात. दोन आठवड्यांनी कागदावर काय निघालं ते इथेच लिहीन.